कांद्याच्या मुळात मधेच अडकलेलं गुणसूत्र: स्लाइडचा दोष की विभाजनातली चूक?

जीवशास्त्र_कराड

नमस्कार मंडळी. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला कांद्याच्या मुळाची स्क्वॅश स्लाइड चालू आहे. बाजारातला साधा लाल कांदा, तीन दिवसांची मुळं, सकाळी साडेआठला तोडलेली, ॲसिटो-ऑर्सिनने रंगवलेली. पश्चावस्थेतल्या (ॲनाफेज, गुणसूत्रं दोन टोकांकडे निघालेली) पेशी बऱ्या मिळतात. पण काहींत दोन घोळके दोन टोकांना पोचलेत आणि एखादं गुणसूत्र मधेच राहिलंय असं दिसतं. एका पेशीत तर दोन्ही घोळक्यांना जोडणारा बारीक धागाच आहे.

पहिला प्रश्न: हा आमच्या हाताचा दोष की पेशीतली खरी चूक? ओळखायचं कसं?

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. मुलं इथून थेट डाऊन सिंड्रोमवर (२१ वं गुणसूत्र जादा असणं) येतात. पुस्तकात ‘गुणसूत्रं विलग न झाल्यामुळे’ आणि ‘आईचं वय जास्त असल्यास’ एवढंच असतं. चूक नेमकी कधी होते, आणि पुढच्या बाळाला धोका किती, हे नीट सांगता आलं पाहिजे. वर्गातल्या कुणाच्या घरी असं बाळ असू शकतं, त्यामुळे अर्धवट बोलून चालणार नाही.

---

स्क्वॅश_सांगली

सर, आधी स्लाइड बघू.

खरी चूक असेल तर पेशीची भिंत अखंड दिसते. मागे राहिलेलं गुणसूत्र त्याच भिंतीच्या आत, दोन ध्रुवांच्या मधे असतं. फाइन फोकस थोडा फिरवला की ते आणि दोन्ही घोळके साधारण एकाच पातळीत स्पष्ट होतात. कव्हरस्लिप घसरली असेल तर शेजारच्या चार-पाच पेशींतलं सगळंच एका दिशेला फरफटलेलं दिसतं, एखादा तुकडा भिंतीबाहेरही पडलेला असतो. अशा भागातली एकही पेशी मोजू नका.

हे टाळायला मुळाचं टोक फक्त १ ते २ मिमी घ्या. त्याच्या मागचा भाग घेतला की लांबलेल्या, विभाजन थांबलेल्या पेशीच स्लाइडवर भरतात. कव्हरस्लिप ठेवल्यावर पेन्सिलच्या मागच्या टोकाने हलकं ठोकून पेशी सुट्या करा, मग टिपकागदाची घडी वर ठेवून अंगठ्याने सरळ खाली दाबा. तसूभरही आडवं सरकू द्यायचं नाही.

फिक्सेटिव्ह रोज ताजं करा: ३ भाग अल्कोहोल, १ भाग ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड. बाटलीत भरून ठेवलेलं आठवडाभर वापरू नका, कारण आम्ल आणि अल्कोहोल एकमेकांशी अभिक्रिया करून एस्टर बनवतात आणि मिश्रणाची ताकद जाते. २४ तासांनी मुळं ७० टक्के अल्कोहोलमध्ये काढून फ्रिजमध्ये ठेवायची. रंगासाठी ९ भाग २ टक्के ॲसिटो-ऑर्सिन आणि १ भाग १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड वॉचग्लासमध्ये घ्या, दिव्यावर वाफ दिसेपर्यंत गरम करा. उकळी फुटली तर तो नमुना वाया गेला समजा. मग झाकून १५ ते २० मिनिटं ठेवा आणि ४५ टक्के ॲसिटिक ॲसिडच्या थेंबात टोक चढवा.

बऱ्याच कॉलेजांत सवयीने मुळं आधी कोल्चिसिनमध्ये घालतात. १६ गुणसूत्रं मोजायची असतील तर ते बरोबर आहे, ०.०५ टक्के द्रावण आणि २-३ तास पुरतात. पण तुम्हाला गुणसूत्रं वेगळी होताना बघायचीत. कोल्चिसिन तर्कुतंतूच (गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे धागे) बनू देत नाही, म्हणजे पश्चावस्थाच येत नाही. पसरलेली गुणसूत्रं बघून ‘चूक सापडली’ असं मुलं लिहून मोकळी होतात. हे कोल्चिसिन आपल्या डोंगरकुशीत पावसाळ्यात फुलणाऱ्या कळलावीच्या कंदात आणि बियांतही भरपूर असतं. विषारी आहे, मुलांनी तो कंद हाताळू नये.

तो जोडणारा धागा मात्र वेगळ्या जातीची चूक आहे. गुणसूत्रं तुटून दोन तुटकी टोकं जुळली की एकाच गुणसूत्राला दोन गुणसूत्रबिंदू (सेंट्रोमिअर, जिथे तंतू धरतात ती जागा) होतात. दोन्ही बाजूंनी ओढ बसते आणि मधे पूल तयार होतो. मागे राहिलेल्या अख्ख्या गुणसूत्राला स्वतःचा गुणसूत्रबिंदू असतो. बिंदू नसलेला तुटका तुकडा नुसताच तरंगत राहतो. वहीत या तिघांचे रकाने वेगळे ठेवा: मागे राहिलेलं, पूल, तुकडा. शिवाय मोड येऊ नये म्हणून विकिरण दिलेला कांदा यासाठी घेऊ नका, विकिरणाने गुणसूत्रं तुटतात आणि पूल-तुकडे वाढतात.

एका पेशीवरून निकाल देऊ नका. वेगवेगळ्या पाच मुळांतून पश्चावस्था-अंत्यावस्थेतल्या किमान १०० पेशी मोजा. निरोगी मुळातही अधूनमधून एखादी सापडते. शेजारच्या विश्रांतीतल्या पेशींत मुख्य केंद्रकाला न चिकटलेला, त्याच्याच रंगाचा, एक तृतीयांशाहून लहान गोल ठिपका दिसला तर तो सूक्ष्मकेंद्रक. मागच्या विभाजनात राहून गेलेलं गुणसूत्र तिथे वेगळ्या खोलीत पडलंय.

---

मिरज_सायटो

स्लाइडचं वर उत्तम आलंय. मी दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. वर्गात एकच गोष्ट पक्की करा: चूक कोणत्या विभाजनात झाली? परिणाम, पुढचा धोका, आई-वडिलांना काय सांगायचं, सगळं त्यावर ठरतं.

आधी चूक होते कशी ते. दुप्पट झालेल्या गुणसूत्राचे दोन जुळे भाग कोहेसिन नावाच्या प्रथिनाच्या कड्यांनी बांधलेले असतात. प्रत्येक भागाच्या गुणसूत्रबिंदूवर पकडीची जागा असते, कायनेटोकोर. एका भागाला एका ध्रुवाचे तंतू धरतात, दुसऱ्याला समोरच्या ध्रुवाचे. एखादी पकड मोकळी राहिली तर ती ‘थांबा’ असा रासायनिक निरोप देत राहते आणि तोवर कोहेसिन तुटत नाही. पेशीची ही तपासणी फार कडक आहे. पण तिला एक फट आहे. एकाच पकडीला दोन्ही ध्रुवांच्या तंतूंनी धरलं तर पकड मोकळी नसल्यामुळे निरोप जात नाही. दुरुस्तीसाठी अरोरा-बी नावाचं विकर असे चुकीचे धागे सोडवत असतं, तरी एखादा सुटून जातो. मग बाकीची गुणसूत्रं निघतात आणि हे दोन्हीकडच्या ओढीत मधेच राहतं. तुमच्या मुलांना दिसलेलं मागे राहिलेलं गुणसूत्र बहुधा हेच.

कांद्याच्या मुळात ही चूक एका पेशीपुरती. ती पेशी मरते किंवा मागे पडते, कांद्याला पत्ता लागत नाही. प्रौढ माणसाच्या शरीरातही बहुतेक वेळा असंच होतं. अडचण येते ती अशा चुका वारंवार होऊनही पेशी जगत आणि वाढत राहिली तर. सूक्ष्मकेंद्रकाचं आवरण कच्चं असतं, ते फुटलं की आतल्या गुणसूत्राचे तुकडे होऊन उलटसुलट जोडले जाऊ शकतात. बहुतेक घन गाठींच्या कर्करोगांत गुणसूत्रांची संख्या बिघडलेली असते. उपचारही याच तंतूंवर बेतलेले आहेत: सदाफुलीपासून मिळणारं व्हिन्क्रिस्टिन तंतू बनू देत नाही आणि पॅक्लिटॅक्सेल बनलेले तंतू मोडू देत नाही. दोन्हींनी विभाजन अडतं.

आता अंडपेशी. मुलगी आपल्या आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडपेशींचं अर्धसूत्री विभाजन (गुणसूत्रं निम्मी करणारं) सुरू होतं आणि पहिल्याच टप्प्यात थांबतं. ते पुढे सरकतं त्या त्या महिन्यात अंडं सुटताना, म्हणजे १५ ते ४५ वर्षांनंतर. कोहेसिनच्या कड्या जन्माआधी बसवलेल्या, नंतर जवळजवळ नव्या बसत नाहीत. वर्षागणिक त्या झिजतात, जोड्या सैल होतात आणि एखादी जोडी वेळेआधी सुटते किंवा दोन्ही मिळून एकाच बाजूला जाते. आईच्या वयाचं कारण हे आहे. डाऊन सिंड्रोममधलं जादा २१ वं गुणसूत्र सुमारे ९० टक्के वेळा आईकडून आलेलं असतं, आणि त्यातही जास्त करून पहिल्या अर्धसूत्री विभाजनातून.

वयाचे ठोकळ आकडे: बाळाला डाऊन असण्याची शक्यता आईच्या २५ व्या वर्षी सुमारे १२५० मध्ये १, ३५ व्या वर्षी ३५० मध्ये १, चाळिशीत १०० मध्ये १, पंचेचाळिशीत ३० मध्ये १. पण बहुतेक बाळं तरुण आयांनाच होतात, म्हणून डाऊन असलेल्या बाळांच्या आयाही संख्येने तरुणच जास्त असतात. ‘वय नव्हतं तरी कसं झालं?’ या प्रश्नाचं उत्तर यातच आहे.

मग २१ वंच का? चूक कुठल्याही जोडीत होते. सेक्स क्रोमोसोम सोडली तर २१ व्यावर जनुकं सर्वांत कमी आहेत. १३ आणि १८ वरही आकाराच्या मानाने कमीच. त्यामुळे या तिघांचीच जादा प्रत घेऊन बाळ जन्मापर्यंत पोचू शकतं. १६ व्याची जादा प्रत गर्भपातांत सर्वांत जास्त सापडते, पण पूर्ण स्वरूपात ती जन्मापर्यंत टिकत नाही. पहिल्या तिमाहीत आपोआप होणाऱ्या गर्भपातांपैकी साधारण निम्म्यांत गुणसूत्रांचा दोष असतो.

जादाच्या उलट, एक गुणसूत्र कमी पडण्याचं जन्मापर्यंत टिकणारं उदाहरण एकच, एकच एक्स असलेली मुलगी: टर्नर, सुमारे २५०० मुलींत १. उंची कमी आणि पाळी न येणं यावरून ते बऱ्याचदा उशिरा कळतं. हृदयाचा इको आणि मूत्रपिंडाची सोनोग्राफी लगेच व्हायला हवी.

---

रोपपैदास_तासगाव

वर्गासाठी दोन जवळची उदाहरणं देतो.

आपल्या सांगलीच्या हळदीत गुणसूत्रांचे तीन संच आहेत, २१ चे तीन म्हणजे ६३. पीक धडधाकट येतं. पण अर्धसूत्री विभाजनात तिघांच्या जोड्या लावता येत नाहीत, एक कायम उरतं. म्हणून हळदीला फुलोरा येऊनही कामाचं बी धरत नाही आणि लावणीला गड्डेच लागतात. उसातही संख्या बेहिशोबी, जातीगणिक शंभराच्या पुढे. वनस्पती हे पेलतात. माणसाचा गर्भ तीन संच, म्हणजे ६९ गुणसूत्रं, पेलू शकत नाही.

दुसरं उदाहरण द्राक्षबागेचं. भुरी-करप्यासाठी वापरलं जाणारं कार्बेन्डाझिम बुरशीच्या ट्यूब्युलिनला, म्हणजे तंतू ज्यापासून बनतात त्या प्रथिनाला, चिकटतं. तर्कुतंतू बनत नाहीत, बुरशीचं विभाजन अडतं. जास्त मात्रेत प्राण्यांच्या पेशींतही ते गुणसूत्रांची वाटणी बिघडवतं हे प्रयोगात दिसलंय, आणि युरोपीय संघात त्याची मान्यता २०१४ मध्ये संपली. गावात कुणाला डाऊन असलेलं बाळ झालं म्हणून फवारणीकडे बोट दाखवू नका, तसा संबंध लावता येत नाही. अशा औषधांना परिणामासाठी एक किमान मात्रा लागते, कारण भरपूर ट्यूब्युलिन अडवल्याशिवाय तंतू मोडत नाहीत. ही मात्रा अंगावर येऊ नये म्हणूनच हातमोजे, मास्क, वाऱ्याकडे पाठ करून उभं राहणं. गरोदर बाईने पावडर कालवू नये आणि फवारणीचे कपडेही धुऊ नयेत.

---

जीवशास्त्र_कराड

फार मोलाचं लिहिलंत सगळ्यांनी. एक नाजूक प्रश्न. ग्रहणात काही चिरलं, पपई खाल्ली, प्रवास केला म्हणून असं झालं, असं घरचे सुनेला बोलतात. मुलं हेच विचारतात. एका वाक्यात काय सांगू? आणि पुढच्या बाळाचं काय?

---

प्रसूतितज्ज्ञ_सातारा

सर, एका वाक्यात: जादा गुणसूत्र जवळजवळ नेहमी अंडपेशीत (कधी शुक्राणूत) गर्भ राहण्याआधीच आलेलं असतं, त्यामुळे गरोदरपणात बाईने काय केलं किंवा केलं नाही याने ते येऊ शकत नाही आणि टळूही शकत नाही. फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यायलाच हवं, पण ते मज्जारज्जूच्या दोषासाठी. गुणसूत्रांच्या चुकीला ते अडवत नाही. हे न सांगितल्याने ‘गोळ्या चुकवल्या म्हणून झालं’ असा दोषही तिच्याच माथी येतो.

पुढच्या बाळासाठी पहिल्या बाळाचा कॅरिओटाइप (गुणसूत्रांच्या मोजणीचा रिपोर्ट) बघायचाच. ‘डाऊन आहे’ एवढ्यावर सल्ला देऊ नये. सुमारे ९५ टक्के मुलांत रिपोर्ट ४७ आणि +२१ असतो, म्हणजे सुटं जादा गुणसूत्र. अशा आईच्या पुढच्या बाळाला धोका सुमारे १ टक्का, किंवा वयामुळे येणारा धोका त्याहून जास्त असेल तर तो.

तीन-चार टक्क्यांत मात्र एकूण आकडा ४६ च दिसतो. घरचे ‘नॉर्मल आहे’ म्हणून फाइल बंद करतात. पुढे नीट वाचलं की ‘रॉब’ (रॉबर्टसोनियन, म्हणजे दोन गुणसूत्रं चिकटलेली) आणि १४;२१ असे आकडे असतात: जादा २१ वं गुणसूत्र १४ व्याला चिकटलंय. इथे आई-वडील दोघांचाही कॅरिओटाइप लागतो. त्यांच्यापैकी एखादा ४५ गुणसूत्रांचा, ठणठणीत वाहक असू शकतो. आई वाहक असेल तर पुढचा धोका १० ते १५ टक्के, वडील असतील तर त्याहून बराच कमी. वाहकाची दोन्ही २१ एकमेकांना चिकटलेली असतील तर जन्मणारं प्रत्येक बाळ डाऊनचंच. वाहकाच्या भावंडांनाही तपासणी सुचवावी.

राहिलेले एक-दोन टक्के मिश्र. बहुतेकदा चूक गर्भधारणेनंतरच्या विभाजनात झालेली असते, काही पेशी ४६ च्या आणि काही ४७ च्या. त्यातल्या किती कुठल्या अवयवात आहेत हे रक्तावरून ठरत नाही, म्हणून टक्केवारीवरून मुलाचं भविष्य सांगू नये.

गरोदरपणात: ११ ते १३ आठवडे ६ दिवस या काळात एनटी सोनोग्राफी (बाळाच्या मानेमागच्या पाण्याच्या थराची) आणि डबल मार्कर (आईच्या रक्ताची तपासणी), एकाच वेळी. बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी ४५ ते ८४ मिमी असताना. वेळ हुकली तर १५ ते २० आठवड्यांत क्वाड्रुपल, हीही आईच्या रक्ताची तपासणी. आईच्या रक्तातून होणारी एनआयपीटी १० व्या आठवड्यापासून करता येते आणि २१ साठी फार चांगली आहे. पण त्यातलं बाळाकडचं डीएनए मुख्यतः वारेचं (प्लासेंटाचं) असतं, आणि वारेत चूक असून बाळ निर्दोष असू शकतं. म्हणून धोका जास्त आला तरी तो निदान नव्हे. खात्री वारेच्या तुकड्याने ११ ते १३ आठवड्यांत किंवा गर्भजलाने १५ आठवड्यांनंतर करतात. निकाल यायला दिवस लागतात आणि गर्भपाताच्या कायद्यातल्या मुदती आठवड्यांनी मोजल्या जातात, म्हणून पहिली तपासणी बाराव्या आठवड्याच्या पुढे ढकलू नका. गर्भाचं लिंग कोणत्याही रिपोर्टमधून सांगायला बंदी आहे, विचारूही नये.

आणि बाळ जन्मलं असेल तर: रडतं-पितं चांगलं म्हणून थांबू नका. यातल्या ४० ते ५० टक्के बाळांना हृदयाचा दोष असतो आणि पहिल्या दिवसांत हृदयाचा जादा आवाज (मर्मर) ऐकू न येताही तो असू शकतो. इको पहिल्या महिन्यातच. थायरॉइड जन्मतः, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि मग दरवर्षी. पहिल्या दिवसांत रक्ताची पूर्ण तपासणी, शिवाय कान आणि डोळे. बाळ सतत हिरवी उलटी करत असेल तर लहान आतड्याच्या सुरुवातीलाच अडथळा असू शकतो, त्याच दिवशी बालशल्यचिकित्सक गाठा. लवकर सुरू केलेल्या फिजिओथेरपीने आणि बोलण्याच्या सरावाने ही मुलं चालतात, बोलतात, शाळेत जातात.

---

मिरज_सायटो

डॉक्टरांच्या रिपोर्टच्या मुद्द्याला पुरवणी. चुकीने पाठवलेल्या नमुन्यामुळे महिना वाया जातो. कॅरिओटाइपला पेशी जिवंत लागतात. रक्त हिरव्या टोपीच्या, सोडियम हेपॅरिनच्या नळीत २ ते ५ मिली, आणि सात-आठ वेळा हलकेच उलटंपालटं करायचं. जांभळ्या टोपीची ईडीटीए नळी कॅल्शियम ओढून घेते, पेशी नीट वाढत नाहीत. आम्ही त्या पेशी ३७ अंशांवर ७२ तास वाढवतो, कोल्सेमिडने (कोल्चिसिनसारखंच औषध) विभाजन मधेच थांबवतो, क्षाराच्या पातळ द्रावणाने फुगवतो, मग रंगवून साधारण २० पेशी मोजतो. मिश्र प्रकाराची शंका असेल तर ३० ते ५०. कांद्याच्या प्रॅक्टिकलशी हे अगदी जवळचं आहे. कांद्याच्या मुळावर कोल्चिसिनचा परिणाम १९३८ मध्ये दाखवणारे अल्बर्ट लेव्हान हेच १९५६ मध्ये जो हिन त्जिओ यांच्यासह माणसाची गुणसूत्रं ४६ आहेत हे नक्की करणाऱ्यांत होते. डाऊनमधलं जादा गुणसूत्र १९५९ मध्ये पुढे आलं.

वारंवार गर्भपात होत असतील तर बाहेर पडलेला तुकडा निर्जंतुक डबीत सलाइनमध्ये पाठवा, फॉर्मालिनमध्ये कधीही नाही. फॉर्मालिनमध्ये पेशी मरतात, वाढवायला काहीच उरत नाही. उत्तर ४६, एक्सएक्स आलं तर ते आईच्याच ऊतीचं नाही ना हे लॅबला विचारा, कारण वारेचे तंतू नीट निवडले नाहीत तर आईच्या पेशी वाढतात.

एप्रिल-मेच्या उन्हात डबा गाडीत ठेवू नका. बर्फाला थेट टेकवूनही नको, मधे कागद-कापडाचा थर द्या. शनिवारी काढलेला नमुना रविवारभर कुरिअरच्या कार्यालयात पडून राहतो, म्हणून सोमवार ते गुरुवारमध्ये काढा आणि त्याच दिवशी रवाना करा. सोबतच्या चिठ्ठीवर आईचं वय, आधीच्या बाळाचा रिपोर्ट आणि किती आठवड्यांत गर्भपात झाला ते लिहा. त्याशिवाय लॅबला ३० पेशी मोजायच्या की २० हे कळत नाही.